नेटवर्कवरचं फोल्डर माउंट करताना (जोडताना) एसएमबीचं, म्हणजे फाइल शेअर करायच्या प्रोटोकॉलचं, व्हर्जन दिलं नाही, तर सिस्टीमनं कुठलं धरावं?

अंबड_शॉपफ्लोअर: आमच्या वर्कशॉपमधल्या जुन्या सीएनसीचा (संगणकावर चालणाऱ्या मशीनचा) कंट्रोलर विंडोज एक्सपीवर चालतो. त्याचं शेअर्ड फोल्डर लिनक्स सर्व्हरवर माउंट करून आम्ही जॉबचे प्रोग्रॅम पाठवतो. मागच्या महिन्यात सर्व्हरवर नवं लिनक्स टाकलं आणि माउंटच होईना. एरर ११२, ‘होस्ट इज डाउन’. मशीन डोळ्यांसमोर चालू, पिंगला उत्तर देतंय! केबल बदलली, स्विच बदलला. पहाटे चारला कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग उघडला तेव्हा कळलं: २०१७ च्या ४.१३ कर्नलपासून व्हर्जन दिलं नाही तर एसएमबी १ धरत नाहीत. एक्सपीला तर तेवढंच येतं. एक अख्खी शिफ्ट गेली. डीफॉल्ट (न सांगता धरलं जाणारं व्हर्जन) बदलणं म्हणजे चालत्या गाडीला खीळ घालणं आहे.

गंगापूररोड_नेटवर्क: दादा, शिफ्ट गेली त्याचं वाईट वाटतं, पण बदल योग्यच होता. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस एसएमबी १ मधूनच पसरला. त्यातलं भोक बुजवणारा पॅच मार्चमध्येच आला होता. ज्यांनी लावला नव्हता ते अडकले.

अंबड_शॉपफ्लोअर: ते भोक विंडोजच्या सर्व्हरमध्ये होतं ताई, लिनक्सच्या क्लायंटमध्ये नाही. त्याची शिक्षा आम्हाला का?

गंगापूररोड_नेटवर्क: हे मान्य. पण एसएमबी १ मुळातच कच्चं आहे. एन्क्रिप्शन आलं ३.० मध्ये. आणि नवं जमलं नाही तर आपोआप १ वर उतरायचं असं ठेवलं, तर नेटवर्कवर मध्ये बसलेला हल्लेखोर मुद्दाम नवं जमू देणार नाही. म्हणून खालची पायरी पक्की हवी. ४.१३ नं आधी थेट ३.० धरलं, तर २.१ पर्यंतच जाणारे विंडोज ७ आणि जुने नॅस (नेटवर्कवरचे स्टोरेज बॉक्स) अडकले. मग काही आठवड्यांतच २.१ किंवा त्यापुढचं, दोघांना जमेल ते, असं ठरलं. मला हेच पटतं.

पंचवटी_अकाउंट्स: आमच्या ऑफिसात कर्नलचा लॉग वाचणारं कोणी नाही. स्क्रीनवर ‘होस्ट इज डाउन’ दिसलं की माणूस वायरमनला बोलावतो. डीफॉल्ट खुशाल बदला, पण ‘समोरचं मशीन जुनं व्हर्जन बोलतंय’ हे तिथेच, त्याच स्क्रीनवर सांगा. लॉगमध्ये लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही.

गंगापूररोड_नेटवर्क: याला माझ्याकडे उत्तर नाही. हे चुकलंच.

अंबड_शॉपफ्लोअर: आता एफएसटॅबमध्ये (माउंटची यादी असलेल्या फाइलीत) फक्त त्या मशीनच्या ओळीत ‘व्हर्स=१.०’ टाकलंय, मशीन वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) नेलंय. बाकी सगळे शेअर ३.० वर. पण नीट चाललेला माउंट अपग्रेडनंतर बंद पडतो, याला सुधारणा म्हणायला मी अजून तयार नाही. कंट्रोलर बदलायचा खर्च मालकांना मलाच सांगायचा आहे.