माथेरानच्या कौटुंबिक सहलीत व्यायामाची सवय कशी टिकवावी?

प्रश्न : पुणेकरीण

नमस्कार. डिसेंबरच्या अखेरीस आम्ही सहकुटुंब माथेरानला जात आहोत. सोबत सासू-सासरे, दीर-जाऊ आणि आम्हा दोघींची मुले असतील. माझी रक्तशर्करा मधुमेहाच्या सीमारेषेवर आढळल्यापासून मी व्यायामशाळेत वजने उचलते आणि मधल्या दिवशी पहाटे भरभर चालते. हे वेळापत्रक मोठ्या कष्टाने बसले आहे, म्हणून ते सुट्टीत विस्कटू नये असे मनापासून वाटते. मात्र मी सकाळी एकटी बाहेर पडले, तर मुलांचे आवरणे आणि मोठ्यांचा चहा-नाश्ता पाहणे जाऊबाईंवर पडेल, आणि सर्वांनी एकत्र राहावे म्हणून काढलेल्या सहलीत मी वेगळी पडेन. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांना लांबचे चालणे झेपत नाही. अशा परिस्थितीत व्यायाम कसा आणि किती करावा?

उत्तर : नेरळकर

आपण ठिकाण उत्तम निवडले आहे. माथेरानमध्ये खासगी वाहनांना प्रवेश नाही. गाडी दस्तुरी नाक्यावर ठेवावी लागते आणि तेथून बाजारपेठेपर्यंतचे साधारण अडीच-तीन किलोमीटर अंतर बहुतेक लोक चालतच जातात. पुढेही कोणताही पॉइंट पाहायचा तर चालणे किंवा घोडा हेच मुख्य पर्याय असल्यामुळे, वेगळा व्यायाम केला नाही तरी दिवसाचे चालणे पुण्यातल्यापेक्षा बरेच अधिक होईल. सासऱ्यांसाठी दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकावरून बाजारापर्यंत छोट्या रेल्वेगाडीची फेरी असते. ई-रिक्षाही सुरू झाल्या आहेत, पण त्यांच्या वेळा निघण्यापूर्वी हॉटेलात विचारून घ्याव्यात.

माझी सूचना अशी की, सर्वांचा एक मार्ग आणि तुमचा एक मार्ग असे वेगळे ठरवावेत. शार्लोट तलाव आणि त्याच्या जवळचा इको पॉइंट येथे मुलांना घेऊन रमतगमत जाता येते आणि वाटेत बसतही जाता येते. पॅनोरमा पॉइंट मात्र उत्तरेच्या टोकाला आहे आणि जाऊन-येऊन चांगलीच चाल होते. ज्यांना दमायचे आहे त्यांनीच तिकडे जावे. खाण्याचे पदार्थ हातात किंवा उघड्या पिशवीत नेऊ नयेत, कारण माकडे ते हिसकावतात आणि लहान मुले घाबरतात.

उत्तर : भौतिकोपचारतज्ज्ञ

प्रथम एक चिंता दूर करतो. काही दिवस वजने उचलली नाहीत म्हणून कमावलेली ताकद जात नाही. स्नायूंची ताकद साधारण दोन-तीन आठवडे बऱ्यापैकी टिकते. दम मात्र त्याहून लवकर कमी होऊ लागतो, आणि तो राखायला माथेरानचे चढ पुरेसे आहेत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवते. यातील पहिला भाग तेथे सहज पूर्ण होईल.

दुसऱ्या भागासाठी खोलीतच एक-दोन वेळा वीस मिनिटे द्यावीत : सूर्यनमस्कार, बैठका, भिंतीला हात टेकून दंड, आणि पाण्याच्या बाटल्या भरलेली पाठपिशवी दोन्ही हातांनी पोटाकडे ओढणे. आपल्या रक्तशर्करेच्या दृष्टीने मी आणखी एका गोष्टीला अधिक महत्त्व देईन. अनेक हॉटेलांत जेवणासह दर असल्यामुळे सहलीत नेहमीपेक्षा अधिक आणि गोडधोड खाल्ले जाते. प्रत्येक मोठ्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्यास जेवणानंतर वाढणारी साखर आटोक्यात राहण्यास चांगली मदत होते, आणि ही शतपावली सासू-सासरेही तुमच्याबरोबर करू शकतात.

सासऱ्यांच्या बाबतीत उताराची काळजी अधिक घ्यावी. चढताना दम लागतो, पण गुडघ्याच्या सांध्यावरचा भार उतरताना वाढतो. हातात काठी असावी, पावले लहान टाकावीत, आणि परतीचा उतार मोठा असेल तर जातानाच थांबावे.

उत्तर : आजी, ठाणे

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, परंतु आपल्या प्रश्नातील चहा-नाश्त्याच्या उल्लेखाकडे कोणीच लक्ष दिले नाही. आपला व्यायाम जाऊबाईंच्या कष्टांवर उभा राहू नये, ही आपली भावना मला फार मोलाची वाटली. पण मग सकाळची जबाबदारी फक्त तुम्हा दोघींमध्येच का वाटली जावी? मुलांचे वडीलही सहलीला आलेले आहेत. एके दिवशी तुम्ही दोघी जावा मिळून चालायला जा आणि दोघा भावांनी मुलांचे दात घासणे, दूध आणि आंघोळी सांभाळाव्यात. दुसऱ्या दिवशी ते दोघे जातील. निघण्यापूर्वीच घरी सर्वांसमोर हे बोलून ठेवावे, कारण तेथे पोहोचल्यावर ठरवायला गेले की सवयीने काम बायकांकडेच येते. जाऊबाईंना व्यायामाची आवड नसेल, तर त्यांच्या वाट्याची सकाळ त्यांनी झोपून काढली तरी ती त्यांचीच असावी.

पुणेकरीण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आजी, आपले म्हणणे मी आजच यजमानांना वाचून दाखवले आणि त्यांना ते पूर्ण पटले. जाऊबाईही पॅनोरमा पॉइंटला यायला उत्सुक आहेत. एक शंका उरते : आम्ही दोघी पुण्यातल्याप्रमाणे पहाटे साडेपाचला निघालो तर चालेल का?

नेरळकर

इतक्या लवकर निघू नये. डिसेंबरअखेर सूर्योदय सात वाजून गेल्यावर होतो आणि बाजारापासून दूर जंगलातील वाटांवर पुरेसे दिवे नाहीत. लाल मातीतील दगड आणि झाडांची मुळे अंधारात दिसत नाहीत, त्यामुळे पाय मुरगळण्याची भीती असते. साडेसहाच्या सुमारास थोडे उजाडले की निघावे, तळव्याची पकड चांगली असलेले बूट घालावेत आणि विजेरी जवळ ठेवावी. सूर्योदय पॅनोरमालाच पाहायचा असेल तर त्या दिवशी स्थानिक माणूस सोबत घ्यावा. हॉटेलवाले आदल्या संध्याकाळी सांगितल्यास तशी व्यवस्था करून देतात.