बीएस्सीचे 132 क्रेडिट्स, जर्मनीला हवेत 180. काय करू?

निशिगंध_सातारा:
नमस्कार. फिजिक्समध्ये तीन वर्षांची बीएस्सी झाली. गुणपत्रिकांवर मिळून 132 क्रेडिट्स भरतात. जर्मनीत एमएस्सीला 180 ईसीटीएस, म्हणजे युरोपातले क्रेडिट्स, मागतात. क्लासवाले म्हणतात, चौथं वर्ष केल्याशिवाय अर्जच करू नकोस. घरची आधीच ओढाताण चालू आहे. कुणी नीट सांगेल का?

आखेनची_मावशी:
चौथ्या वर्षाची फी एवढ्यात भरू नकोस. ही दोन मापंच वेगळी आहेत. आपल्याकडे थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे वर्गातले साधारण 15 तास. युरोपातला एक म्हणजे 25 ते 30 तास, पण त्यात घरचा अभ्यास, जर्नल, परीक्षेची तयारी सगळं आलं. पूर्ण वर्षाचे 60, म्हणून तीन वर्षांचे 180. 1999 साली इटलीत बोलोन्याला युरोपातल्या 29 देशांनी पदव्या एकमेकांशी जुळवायचं ठरवलं, त्यानंतर इथे जर्मनीतही बहुतेक बॅचलर तीन वर्षांचीच झाली.

भारत त्या व्यवस्थेत नाही, खरी अडचण तिथे आहे. इथल्या मुलांना पदवीसोबत डिप्लोमा सप्लिमेंट मिळतं, त्यात काय शिकलं ते सविस्तर असतं. तुझ्या गुणपत्रिकेवर नुसतं 'क्वांटम मेकॅनिक्स' छापलेलं. हायड्रोजन अणूपर्यंत श्रोडिंजर समीकरण सोडवलं की नाही, हे प्रवेश समितीला कसं कळणार? म्हणून प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम, तास आणि प्रयोगांची यादी इंग्रजीत एकत्र कर आणि कॉलेजचा शिक्का घे. विद्यापीठाने मागितलं नसेल तर स्वतः गुणाकार करून ईसीटीएसचा आकडा लिहू नकोस. आपली विद्यापीठं हा कागद पदवीबरोबरच सरसकट का देत नाहीत, याचा मला फार राग येतो. हुशार पोरं निव्वळ कागदापायी मागे राहतात.

भौतिक_प्रेमी:
मावशींशी सहमत. एपीएस प्रमाणपत्राचं (तुझी शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याची जर्मन पडताळणी) आधी बघ, नोव्हेंबर 2022 पासून भारतीयांना व्हिसासाठी लागतं. आपले गुण जर्मन श्रेणीत बदलायला बव्हेरियन सूत्र वापरतात: कमाल 100, पास 40, तुला 76 असतील तर 24 भागिले 60, गुणिले 3, अधिक 1. म्हणजे 2.2. तिकडे 1 सर्वोत्तम, त्यामुळे आकडा बघून घाबरू नकोस.

निशिगंध_सातारा:
खूप आभार! प्रॅक्टिकलचे तास जर्नलवरून मीच लिहिले तर चालतील?

आखेनची_मावशी:
नको. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घे, लेटरहेडवर. आणि ज्या कोर्सला अर्ज करणार त्यांच्या समन्वयकांना आजच ईमेल टाक, पदवी तीन वर्षांची आहे हे पहिल्याच ओळीत लिही.