मदत हवी आहे: इंग्रजीच्या पेपरात चूक नेमकी कशाला धरायची?

नमस्कार मंडळी. गोव्यात चौथीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलं पाचवीला एकदम इंग्रजी माध्यमात येतात. त्यांच्या उत्तरपत्रिका तपासायला डिचोली-म्हापसा भागातले आम्ही काही शिक्षक एक समान तक्ता करतोय. गाडी अडलीय एकाच प्रश्नावर: प्रमाण कोणाचं धरायचं?

फ्रेंचला 1635 पासून भाषेचं प्रमाण ठरवणारी अकादमी आहे. इंग्रजीला तशी कुठलीच संस्था नाही. कोशकार वापर नोंदवतात, हुकूम काढत नाहीत. ऑक्सफर्डच्या कोशात 'प्रीपोन' (ठरलेली वेळ अलीकडे आणणं) आहे, भारतीय इंग्रजी असा शेरा देऊन. मग त्यावर लाल रेघ कशाला? 'ऑर्गनाइझ'च्या स्पेलिंगमध्ये एस की झेड, यावर तर गुण कापूच नयेत, ऑक्सफर्ड स्वतः झेड वापरतं. फक्त एकाच उत्तरात दोन्ही नकोत.

'ही गो' चूकच, त्यात वाद नाही. पेच मधल्या प्रयोगांचा आहे: 'डिस्कस अबाउट', 'कझिन ब्रदर', 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स'. आपल्याकडे हे सर्रास चालतं, पण पुढे कडक परीक्षक भेटला की मुलाचे गुण जातात. म्हणून आमचा कल असा: खाली रेघ मारायची, पर्याय लिहायचा, पण आठवीपर्यंत गुण कापायचे नाहीत. पटतं का?

शिवाजी विद्यापीठाच्या कोल्हापूर कॉर्पसमध्ये (अभ्यासासाठी जमवलेला मजकुरांचा संग्रह) 1978 सालच्या छापील भारतीय इंग्रजीचे सुमारे 10 लाख शब्द आहेत. हे तीन प्रयोग त्यात किती वेळा येतात, कोणी शोधून देईल का? आणि कोणाच्या शाळेत असा तक्ता आधीच असेल, तर कृपया फोटो टाका.