दशावतार सलग चित्रित करण्यासाठी पहिला हँडीकॅम : २५ हजारांत काय घ्यावे?

तळकोकणकर

नमस्कार. आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी दशावतार होतो. या वर्षी आख्यान सुरू झाल्यापासून पहाटेपर्यंतचा संपूर्ण प्रयोग चित्रित करून ठेवावा, असे मंडळाने ठरवले आहे. आजवर ज्याने त्याने आपापल्या मोबाइलवर टिपलेले दोन-पाच मिनिटांचे तुकडेच काय ते आहेत, आणि राजपार्ट (राजाची भूमिका) करणारे आमचे ज्येष्ठ कलावंत आता थकत चालले आहेत.

खर्चाची मर्यादा कार्ड आणि तिपाई धरून २५ हजार रुपये आहे. मी यापूर्वी कधी कॅमेरा विकत घेतलेला नाही. दुकानदार ५० पट झूमचे मॉडेल पुढे करतो, तर ऑनलाइन जाहिरातींत त्याहून निम्म्या किमतीत 'फोर-के, ४८ मेगापिक्सेल' असे लिहिलेले अनोळखी नावांचे कॅमेरे दिसतात. रंगमंच म्हणजे देवळासमोरचा मांडव, त्यात एक बाकडे, मागे पडदा, वर दोन-तीन एलईडीचे दिवे आणि एका बाजूला हार्मोनियम, पखवाज, झांज. चित्र स्पष्ट असावे आणि संवाद नीट ऐकू यावेत, एवढीच अपेक्षा आहे. कशाकडे पाहून निवड करावी?

रंगपट

तुमच्या कामासाठी झूमचा आकडा सर्वांत शेवटी पाहावा. दुकानदार ज्याच्याविषयी बोलत आहे तो बहुधा पॅनासॉनिकचा एचसी-व्ही१८० असावा. त्याचे झूम खरोखरच ५० पट ऑप्टिकल, म्हणजे भिंगाने दृश्य जवळ आणणारे आहे, परंतु त्याचा सेन्सर (उजेड टिपणारा भाग) १/५.८ इंचाचा, म्हणजे नखाच्या कोपऱ्याएवढा आहे. सोनीच्या एचडीआर-सीएक्स४०५ मध्येही सेन्सर याच आकाराचा आहे आणि झूम ३० पट आहे. सेन्सर इतका लहान असला की मांडवातल्या अपुऱ्या उजेडात कॅमेरा चित्र कृत्रिमरीत्या उजळवतो आणि काळ्या पडद्यावर मुंग्या धावू लागतात.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी दुकानात सहसा कोणी सांगत नाही. सीएक्स४०५ च्या भिंगाचे छिद्र झूम नसताना एफ/१.८ असते आणि झूम पूर्ण ताणल्यावर ते एफ/४ वर येते (हा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान). याचा अर्थ, लांबून झूम करून चेहरा जवळ आणला तर सेन्सरपर्यंत पोहोचणारा उजेड जवळजवळ पाचपट कमी होतो. म्हणून कॅमेरा मांडवाच्या मागच्या टोकाला न ठेवता पाचव्या-सहाव्या रांगेच्या अंतरावर, बाजूच्या एखाद्या उंच जागी ठेवावा. असे केल्यास तुम्हाला १०-१२ पटींहून अधिक झूम लागणारच नाही आणि ५० पटींच्या आकड्यासाठी पैसे मोजण्याचे कारण उरणार नाही. डिजिटल झूम, जे चित्र नुसते ताणून मोठे करते, ते तर मेनूत जाऊन पहिल्या दिवशीच बंद करून टाकावे.

स्वस्तातल्या 'फोर-के, ४८ मेगापिक्सेल' कॅमेऱ्यांच्या वाटेला जाऊ नये. त्यांतले बहुतेक कॅमेरे लहान चित्र ताणून मोठे करतात आणि त्यावर मोठा आकडा छापतात. अनेकांत ऑप्टिकल झूम मुळीच नसते आणि हात किंवा तिपाई थोडी हलली तरी चित्र डचमळते. तुम्हाला फोर-के नको आहे. १९२० बाय १०८० चे स्वच्छ चित्र पुरेसे आहे. मात्र ते सेकंदाला ५० पूर्ण फ्रेमचे, म्हणजे ५०पी असावे. ५०आय मध्ये ओळी एकाआड एक अशा दोन वेळा टिपल्या जातात, त्यामुळे लढाईच्या प्रसंगात राजपार्ट गिरक्या घेऊ लागला की संगणकावर पाहताना त्याच्या हातांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात.

चौथी भिंत

आज मध्यम किमतीच्या मोबाइलचा सेन्सरसुद्धा या कॅमेऱ्यांपेक्षा बराच मोठा असतो, हे वर आलेले नाही. माझ्या मते एखाद्या सदस्याचा चांगला मोबाइल तिपाईवर लावावा आणि वाचलेले पैसे दिव्यांवर खर्च करावेत. चित्र निश्चितच अधिक चांगले दिसेल.

रंगपट

उजेडाच्या बाबतीत तुमचे म्हणणे मला मान्य आहे आणि दिवे वाढवण्याची सूचना तर उत्तमच आहे. परंतु येथे सहा तास सलग चित्रण करायचे आहे. मोबाइल तापतो, मधेच फोन येतो, जागा संपते, आणि झूम करताच त्या मोठ्या सेन्सरचा फायदा बहुतांशी संपतो. कित्येक जुन्या फोटोच्या कॅमेऱ्यांतही चित्रण २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप थांबते, कारण अर्ध्या तासाहून अधिक चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यांवर युरोपात वेगळा आयातकर लागत असे. हँडीकॅम कार्ड भरेपर्यंत चालतो, आणि रात्रभराच्या प्रयोगासाठी तो आजही घ्यावा असे मला वाटते ते केवळ या एका गुणामुळे.

तिसरी घंटा

चित्राची चर्चा झाली, आवाजाची राहिली. दशावताराचे संवाद पाठ केलेले नसतात, उभ्या उभ्या रचले जातात. ते ऐकू आले नाहीत तर त्या रात्री काय बोलले गेले, हे पुन्हा कुठेही सापडणार नाही. कॅमेऱ्याच्या अंगातला मायक्रोफोन समोरच्या मुलांची बडबड आणि झांज सर्वांत आधी टिपतो, शिवाय झांज वाजली की कॅमेरा आवाजाची पातळी आपोआप खाली आणतो आणि त्यापाठोपाठचे वाक्य दबून जाते.

सीएक्स४०५ ला बाहेरचा माइक जोडण्याचे भोकच नाही. कॅननच्या लेग्रिया एचएफ आर८०६ मध्ये माइक आणि हेडफोन या दोन्हींची सोय आहे, झूम ३२ पट ऑप्टिकल आहे आणि सेन्सर १/४.८५ इंचाचा, म्हणजे थोडा मोठा आहे. या तिघांतून निवडायचे असेल तर मी डोळे झाकून आर८०६ घेईन. दुसरा कोणताही कॅमेरा आधीच ठरला असेल, तर वेगळा लहान ध्वनिमुद्रक बाकड्याच्या जवळ ठेवावा आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज जुळवता येतात. मात्र दोन यंत्रांची घड्याळे तासातासाला किंचित पुढेमागे सरकतात, त्यामुळे प्रत्येक प्रवेशाच्या आरंभी पुन्हा टाळी द्यावी.

तळकोकणकर

आपणा सर्वांचे आभार. चौकशी केली असता कळले की आर८०६ नवा मिळणे कठीण आहे. अमेरिकेहून येणाऱ्या एका नातेवाइकाने तिकडून जुना आणून देण्याची तयारी दाखवली आहे. तो घ्यावा का? आणि सहा तासांसाठी कार्ड किती मोठे लागेल?

तिसरी घंटा

अमेरिकेतून आणू नये. तेथे याच मालिकेतले कॅमेरे विक्सिया या नावाने विकले जातात आणि ते सेकंदाला ६० फ्रेमच्या पद्धतीवर चालतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाइट आणि साध्या एलईडीच्या उजेडात त्या चित्रणात लखलख दिसण्याची शक्यता असते. मुंबई-पुण्यात वापरलेले लेग्रिया मिळतात, तेच पाहावेत.

जुना कॅमेरा घेताना भिंगावर टॉर्च मारून आत बुरशीचे पांढुरके जाळे आहे का ते पाहावे, कारण किनारपट्टीच्या दमट हवेत ती हटकून धरते. झूम सावकाश पुढे-मागे करून मोटर कुठे अडखळत नाही ना, हे ऐकावे. हेडफोन लावून माइकचे भोक हलवून पाहावे. खरखर आली तर तो कॅमेरा सोडून द्यावा. सोबतची बॅटरी रात्रभर पुरणार नाही, तेव्हा चित्रण चालू असताना विजेवर चालवणारा अ‍ॅडॅप्टर मूळ कंपनीचा आहे याची खात्री करून घ्यावी. जत्रेत वीज जातेच, त्यामुळे भरलेली बॅटरीही कॅमेऱ्यात असू द्यावी.

कार्डाचे गणित सोपे आहे. सेकंदाला २८ मेगाबिट या दराने तासाला सुमारे १२.६ जीबी जागा लागते, म्हणजे सहा तासांना ७६ जीबीच्या आसपास. १२८ जीबीचे एक कार्ड घ्यावे आणि नकली कार्डांचा सुळसुळाट असल्यामुळे ते जत्रेच्या आधी एकदा पूर्ण भरून, परत वाचून पाहावे.

शेवटची सूचना चित्रणाची नक्कल (कॉपी) करून ठेवण्याविषयी आहे. एव्हीसीएचडी या चित्रण साठवण्याच्या पद्धतीत लांब चित्रण एका फाइलीत राहत नाही, त्याचे तुकडे पडतात. नुसत्या फाइली उचलून एकामागे एक लावल्या तर सांध्यावर आवाजाचा क्षणभर खंड पडू शकतो. म्हणून कार्डावरचे संपूर्ण फोल्डर आहे त्या रचनेसह संगणकावर उतरवावे, तसेच दुसऱ्या डिस्कवरही ठेवावे, आणि दोन्ही नकला उघडून पाहिल्यावरच कार्ड पुसावे.

रंगपट

प्रयोगाच्या रात्री व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) आणि फोकस हे दोन्ही स्वयंचलित ठेवू नका. बाकड्यावर कोणाला तरी बसवून दोन्ही तेथेच पक्के करा आणि एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) एक-दोन टप्पे खाली घ्या. मागचा पडदा काळा असला की कॅमेरा फसतो आणि रंगवलेला चेहरा पांढराफटक करून टाकतो.