दिवाळी झाली, आता शाळेत कोण जाणार?

प्रेषक: दुसरीतल्या मुलीची आई, फ्रीमाँट
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

सगळ्यांना नमस्कार,

दिवाळीत लेकीच्या वर्गात जाऊन मुलांकडून आकाशकंदील करून घेतले. मुलं रमली, बाईही खूश झाल्या. आता रूम पेरेंटकडून, म्हणजे वर्गाची कामं बघणाऱ्या पालकाकडून, विंटर ब्रेकपर्यंतच्या (डिसेंबरअखेरच्या सुट्टीपर्यंतच्या) कामांची यादी आली आहे: बुक फेअर, फूड ड्राइव्ह (गरजूंसाठी डबाबंद खाणं गोळा करणं), गाण्यांचा कार्यक्रम, ग्रॅहम क्रॅकर बिस्किटांची घरं, शेवटच्या दिवशीची पार्टी. यातलं आमच्या घरी काहीच होत नाही. ह्यांना भर दुपारी ऑफिसमधून निघणं अवघड. शिवाय सासूबाईंची पंच्याहत्तरी आहे म्हणून १२ डिसेंबरला आम्ही पुण्याला निघतोय, ते संक्रांत करूनच परत येऊ. अशा वेळी नाव द्यावं की राहू द्यावं? ज्यांची मुलं पुढच्या इयत्तांत आहेत त्यांनी जरूर सांगा.

---

प्रेषक: पाचवीतल्या मुलाची आई, सनीव्हेल
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

अगं, नाव दे. आजच दे.

मनापासून सांगते, दिवाळीच्या तासाला आपल्यातले चार-चार पालक पुढे येतात आणि नोव्हेंबर उजाडला की यादीत आपलं एक नाव दिसत नाही. शाळेला हात हवे असतात ते नेमके याच आठवड्यांत. बुक फेअरला पहिलीतली मुलं मुठीत नोटा घेऊन येतात, त्यांना पुस्तकाची किंमत वाचून दाखवायला, हिशेब करून द्यायला मोठं माणूस लागतं. फूड ड्राइव्हचे डबे तारखा बघून खोक्यांत भरायचे असतात. यात कुठला सण आला? तिथे उभं राहिलं की मुलीच्या मैत्रिणी कळतात, त्यांच्या आया कळतात, आणि बाई आपल्याला नावाने ओळखायला लागतात. वर्षाच्या मध्यात मुलाचं काही अडलं तर त्या ओळखीचा केवढा आधार असतो, ते मी बघितलंय.

आता कामाचं. शाळेत वारंवार जायचं तर आपल्या कॅलिफोर्निया राज्यात टीबीची प्रश्नावली भरावी लागते. आपला जन्म भारतातला, त्यामुळे बहुतेकांना पुढे तपासणी सांगतात. लहानपणी बीसीजी टोचलेलं असतं म्हणून हातावर टोचून करतात ती तपासणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे आणि पुढच्या चकरा. डॉक्टरांकडे सरळ रक्ताची तपासणी माग, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. एकदा प्रमाणपत्र मिळालं की चार वर्षं बघावं लागत नाही. रिपोर्ट यायला वेळ लागतो, म्हणून या आठवड्यातच जा. काही डिस्ट्रिक्टमध्ये (त्या भागातल्या शाळांचा कारभार बघणाऱ्या संस्थेत) बोटांचे ठसेही घेतात, ते ऑफिसात विचार.

तुझ्या ह्यांनाही सांग: कॅलिफोर्नियात एका ठिकाणी २५ किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर मुलाच्या शाळेतल्या कामासाठी पालकाला वर्षाला ४० तासांपर्यंत रजा मागता येते, महिन्याला फार तर ८ तास. पगारी असेलच असं नाही, साठवलेली सुट्टी त्यात धरतात, आणि आधी कळवावं लागतं. पण हा कायद्याने दिलेला हक्क आहे. आपल्याकडचे किती बाबा तो वापरतात? गाण्यांचा कार्यक्रम साधारण सकाळी असतो, दोन तासांत माणूस ऑफिसात परत पोचतो.

आणि क्रॅकरच्या घरांबद्दल: मार्शमॅलोत आणि बऱ्याच गोळ्यांत प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं. शाकाहारी मुलं ऐन वेळी नुसती बघत बसतात. सामान आणायचं काम तूच घे, बिनजिलेटिनचं आण, सगळ्यांची सोय होईल.

---

प्रेषक: पहिलीतल्या मुलाचा बाबा, सॅन होजे
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

ताईंचं बाकी सगळं पटलं, तरी एक विचारतो. ख्रिसमसच्या तयारीत आपण राबायचं आणि आपली संक्रांत मात्र वर्गात कोणाला ठाऊक नसते. गेल्या महिन्यात गव्हर्नरांनी सही केली, जानेवारीपासून दिवाळी राज्याच्या सुट्ट्यांत येतेय. तसंच आपले सणही शाळेत पोचावेत यावर आधी जोर द्यायला नको का?

---

प्रेषक: प्राथमिक शिक्षिका, मिलपिटास
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

नमस्कार. मी सरकारी शाळेत तिसरीला शिकवते, म्हणून वर्गाच्या बाजूने लिहिते.

दादा, संक्रांत वर्गात नक्की येऊ शकते. पण माझा अनुभव असा की जे पालक डिसेंबरमध्ये डबे मोजायला आलेले असतात, त्यांनी जानेवारीत नुसतं विचारलं तरी तारीख लगेच ठरते. अनोळखी पालकाची ईमेल बिचारी रांगेत राहते. सुट्टी मिळाली त्याचा मलाही आनंद आहे, पण सुट्टीच्या दिवशी शाळा बंद असते. सणाची ओळख शाळा उघडी असतानाच करून द्यावी लागते.

सरकारी शाळेत सणाची माहिती देता येते, पूजा करता येत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ च्या निकालापासून ही रेघ स्पष्ट आहे, आणि ती ख्रिसमसलाही लागू आहे. त्यामुळे आरती नको. पतंग करा, थंडीत शेतातून काय काय घरी येतं ते सांगा, हलव्याच्या दागिन्यांचे फोटो दाखवा. तिळगूळ मात्र वाटू नका. तिळाची अ‍ॅलर्जी असलेली मुलं असतात. १ जानेवारी २०२३ पासून तीळ इथल्या मुख्य अ‍ॅलर्जीकारक पदार्थांच्या यादीत नववा आहे. घरचं खाणं तर बऱ्याच शाळा घेतच नाहीत.

फ्रीमाँटच्या ताई, तुमच्या प्रवासाबद्दल मला जास्त काळजी वाटते. पंच्याहत्तरी चुकवू नका, आजीजवळ असणं मुलीला हवंच. पण ब्रेकच्या आधीचा आठवडा आणि नंतरचे दोन, म्हणजे शाळेचे बरेच दिवस बुडतात. वर्षाचे दिवस साधारण १८०, त्यातले दहा टक्के, म्हणजे १८ बुडाले की मूल सततच्या गैरहजरांत मोजलं जातं, कारण कितीही चांगलं असो. शिवाय आपल्या राज्यात शाळांना पैसा रोजच्या हजेरीच्या सरासरीवर मिळतो, आजारपणाची रजासुद्धा त्यातून वजा होते. म्हणून निघण्याच्या बऱ्याच आधी ऑफिसात जाऊन इंडिपेंडन्ट स्टडीबद्दल विचारा. करारावर पालकांची सही लागते, अभ्यास बरोबर मिळतो, आणि तो पूर्ण करून दिला की हजेरी धरली जाते. किती दिवसांसाठी देतात हे डिस्ट्रिक्टवर आहे. न कळवता गेलात तर काही ठिकाणी पटावरून नाव कमी होतं, आणि परतल्यावर त्याच शाळेत जागा असेलच असं नाही.

तिकडून मुलगी वर्गाशी जोडलेली राहू शकते. पुण्यातले रात्रीचे साडेदहा म्हणजे इथले सकाळचे नऊ, बाईंना चालत असेल तर दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल करा. त्या दिवसांत तिकडे शाळांची स्नेहसंमेलनं असतात, चुलत-आतेभावंडांचं एखादं तिला बघू द्या. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, ही गोष्ट तिच्याच शब्दांत वहीत उतरवायला सांगा, चित्रासकट. परत आल्यावर ती वही वर्गात वाचू दे. माझ्या वर्गात अशी वही आली तर मी तिला एक पूर्ण तास देईन.

भेटवस्तूंचं अनेक जण विचारतात. वर्गाची एकत्र वर्गणी निघत असेल तर जमेल तेवढी द्या. आणि मुलाच्या हाताने लिहिलेल्या चार ओळी द्या. आम्ही त्या जपून ठेवतो.

---

प्रेषक: दुसरीतल्या मुलीची आई, फ्रीमाँट
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

ताई, बाई, दोघींचे खूप आभार. बुक फेअरला आणि क्रॅकरच्या सामानाला नाव दिलं. रक्ताच्या तपासणीची वेळ घेतली आहे. आज सुट्टी, त्यामुळे उद्या शाळा सुटताना इंडिपेंडन्ट स्टडीचा फॉर्म आणते. गाण्यांचा कार्यक्रम ११ डिसेंबरला आहे, म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी. ह्यांनी ऑफिसात तसं कळवलंसुद्धा.

सॅन होजेचे दादा, जानेवारीत पतंगांचा तास करायचा असेल तर मी येते. तुळशीबागेतून किंवा रविवार पेठेतून पतंगाचा कागद आणि काड्या घेऊन येईन. तुमच्या वर्गात मुलं किती आहेत ते मला ५ डिसेंबरपर्यंत कळवा. आणखी कोणाच्या वर्गासाठी हवा असेल तर इथेच लिहा, बॅगेत तेवढी जागा ठेवते.