अनुभव धागा: बारावीच्या फिजिकल आणि इनऑर्गॅनिक केमिस्ट्रीची उजळणी

बोर्डाचा केमिस्ट्रीचा लेखी पेपर ७० गुणांचा आणि प्रॅक्टिकल ३० गुणांचं. पुस्तकातल्या सोळा धड्यांपैकी पहिले सहा फिजिकलचे, पुढचे तीन इनऑर्गॅनिकचे. या नऊ धड्यांची शेवटची उजळणी कशी करावी, हे शिकवणाऱ्यांनी, पेपर तपासणाऱ्यांनी आणि लॅब सांभाळणाऱ्यांनी इथे लिहावं. 'नियमित अभ्यास करा' छापाचा सल्ला नको, तो घरोघरी फुकट मिळतो. गुण नेमके कुठे जातात आणि ते कसे वाचवायचे, तेवढंच लिहा. (प्रत्येक उत्तराच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

मँटिसा

सुरुवात लॉग टेबलापासून करा. बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, आणि वर्षभर मोबाइलवर आकडेमोड केलेली मुलं नेमकी अँटिलॉगला, म्हणजे लॉगवरून मूळ संख्या परत काढायला, अडकतात.

पीएच ४.६ आहे, हायड्रोजन आयनची संहती काढा. पीएच म्हणजे या संहतीच्या लॉगचं चिन्ह उलटवलेली संख्या, म्हणून लॉग आला −४.६. इथे बरीच मुलं ०.६ चा अँटिलॉग बघतात, ३.९८१, आणि पुढे १० चा −४ वा घात लावून मोकळी होतात. टेबलात दशांशाच्या पुढचा भाग कायम धन धरलेला असतो. म्हणून −४.६ आधी −५ + ०.४ असं फोडायचं, म्हणजे बार ५ पॉइंट ४. ०.४ चा अँटिलॉग २.५१२, तेव्हा उत्तर २.५१२ गुणिले १० चा −५ वा घात. चुकीचं उत्तर परत लॉगमध्ये घालून बघा, पीएच ३.४ येतो. हा ताळा करायला दहा सेकंदं पुरतात.

लॉग २ = ०.३०१०, लॉग ३ = ०.४७७१, लॉग ७ = ०.८४५१ एवढे तोंडपाठ ठेवा. ४, ५, ६, ८, ९ यांतूनच निघतात.

एकक_आधी

फिजिकलमध्ये सूत्र चुकल्यामुळे जेवढे गुण जातात, त्याहून जास्त एककामुळे जातात. थर्मोडायनॅमिक्समध्ये डेल्टा एच (एन्थाल्पीतला बदल) किलोज्यूलमध्ये देतात आणि डेल्टा एस (एन्ट्रॉपीतला बदल) ज्यूलमध्ये. डेल्टा जी = डेल्टा एच − टी डेल्टा एस, आणि तो ऋण आला तर अभिक्रिया आपोआप घडते. कार्बन मोनॉक्साइड आणि वाफेपासून कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन बनतात ती अभिक्रिया घ्या: डेल्टा एच −४१.२ किलोज्यूल, डेल्टा एस −४२ ज्यूल प्रति केल्विन, तापमान २९८ केल्विन. टी डेल्टा एस होतो −१२५१६ ज्यूल, म्हणजे −१२.५ किलोज्यूल, आणि डेल्टा जी −२८.७ किलोज्यूल. हजाराने भागायचं राहिलं की उत्तर धन १२ हजारांवर जातं आणि आपोआप घडणारी अभिक्रिया 'घडत नाही' असं लिहून मूल पुढे जातं. आकड्याचे गुण तर गेलेच, निष्कर्षाचेही गेले.

सॉलिड स्टेटमध्ये हीच गत पिकोमीटरची. १ पिकोमीटर म्हणजे १० चा −१० वा घात सेंटिमीटर. घन केला की −३० वा घात. चांदी एफसीसी (घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर अणू), घनाच्या कडेची लांबी ४०८ पिकोमीटर, अणुवस्तुमान १०८ घेतलं तर घनता १०.६ च्या आसपास यायला हवी. धातूंची घनता लिथियमच्या ०.५३ पासून ऑस्मियमच्या २२.६ पर्यंत असते, ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये. तुमचं उत्तर या पट्ट्याबाहेर पडलं तर घात तपासा. कड आणि त्रिज्येची तीन नाती (ए म्हणजे कड, आर म्हणजे त्रिज्या; एससी, फक्त कोपऱ्यांवर अणू: ए = २आर; बीसीसी, कोपऱ्यांवर आणि घनाच्या मध्यावर अणू: √३ ए = ४आर; एफसीसी: √२ ए = ४आर) पाठ करण्यापेक्षा चौकोन काढून गोळे कुठे टेकतात ते बघा, परत विसरणार नाही.

एक इशारा. फिजिक्सच्या पुस्तकात वायूने केलेलं काम धन असतं, केमिस्ट्रीत ऋण. दोन्ही पेपर पाठोपाठ असले की चिन्हांची खिचडी होते. त्यामुळे उत्तराच्या पहिल्या ओळीत 'डब्ल्यू = −पी डेल्टा व्ही' लिहूनच पुढे जा.

अर्धआयु

कायनेटिक्सबद्दल थोडक्यात. अर्धआयु म्हणजे अभिकारक निम्मा व्हायला लागणारा वेळ. फर्स्ट ऑर्डरमध्ये (वेग संहतीच्या प्रमाणात असतो तिथे) ७५ टक्के अभिक्रिया व्हायला २ अर्धआयु लागतात, ९० टक्क्यांना सुमारे ३.३ आणि ९९.९ टक्क्यांना जवळपास १०. सीईटीचे कितीतरी प्रश्न एवढ्यावरच सुटतात. झिरो ऑर्डरला (वेग संहतीवर अवलंबून नसतो तिथे) मात्र हे लावू नका, तिथे अर्धआयु सुरुवातीच्या संहतीवर अवलंबून असतो.

संहतीवरून सेलचं व्होल्टेज काढायच्या नर्न्स्ट समीकरणात लॉगच्या आतला अपूर्णांक उलटा पडतो, ही नेहमीची रड. झिंक-कॉपर सेलचं प्रमाण विभव १.१० व्होल्ट. झिंक आयन १ मोलर आणि कॉपर आयन ०.०१ मोलर असेल तर १.१० मधून ०.०५९२ वजा होऊन १.०४ उरतं. कॉपर आयन हे इथे अभिकारक, ते कमी केले तर व्होल्टेज उतरायलाच हवं. उत्तर १.१६ आलं तर अपूर्णांक उलटा पडलाय.

हॅलोजन

इनऑर्गॅनिक पाठांतराचं, असं म्हणणाऱ्यांनी एकदा १६, १७, १८ गटांचा धडा फक्त 'कारणं द्या' म्हणून वाचावा. आधी गटाचा सर्वसाधारण कल लिहा आणि मग तो कुठे मोडतो ते. पेपर काढणारा मोडलेल्या जागीच प्रश्न टाकतो.

बाँड एन्थाल्पी (बंध तोडायला लागणारी ऊर्जा): क्लोरीन > ब्रोमीन > फ्लोरीन > आयोडीन. फ्लोरीन तिसरा, कारण अणू इतके लहान की दोन्हीकडच्या एकाकी इलेक्ट्रॉन जोड्या एकमेकींना ढकलतात. इलेक्ट्रॉन गेन एन्थाल्पीही (अणूने इलेक्ट्रॉन घेताना होणारा ऊर्जाबदल) क्लोरीनची जास्त ऋण, −३४९, फ्लोरीनची −३३३ किलोजूल प्रति मोल. मग फ्लोरीन अधिक प्रबळ ऑक्सिडीकारक कसा? बाँड तोडायला कमी ऊर्जा लागते आणि लहान फ्लोराइड आयनची हायड्रेशन एन्थाल्पी खूप मोठी असते, हे दोन्ही लिहायला हवं. एकच मुद्दा लिहिलेलं उत्तर तपासताना अर्धंच धरावं लागतं.

हायड्राइडचंही तेच. १६ व्या गटात आम्लता पाण्याकडून टेल्युरियमकडे सरळ वाढते, पण उत्कलनबिंदूत पाणी ३७३ केल्विनवर वेगळंच बसतं आणि हायड्रोजन सल्फाइड २१३ वर तळाला. क्लोरीन आणि सोडियम हायड्रॉक्साइड: थंड आणि विरल असेल तर हायपोक्लोराइट (+१), गरम आणि संहत असेल तर क्लोरेट (+५). सोबत दोन्हीकडे सोडियम क्लोराइड असतंच, ते लिहायचं विसरतात आणि समीकरण संतुलित होत नाही.

लिगंड

@हॅलोजन, सहमत. कोऑर्डिनेशनच्या धड्यासाठी (मध्ये धातू आणि त्याला जोडलेले लिगंड, म्हणजे इलेक्ट्रॉन जोडी देणारे आयन किंवा रेणू) माझी पसंती निकेलच्या तीन संयुगांना. ती कागदावर शेजारी-शेजारी मांडा. टेट्राक्लोरोनिकेलेट: निकेल +२, ३डी८, क्लोराइड दुबळा लिगंड, एसपी३, चतुष्फलकीय, २ अयुग्मित इलेक्ट्रॉन, चुंबकीय आघूर्ण २.८३ बोर मॅग्नेटॉन. टेट्रासायनोनिकेलेट: तेच +२, पण सायनाइड इलेक्ट्रॉनांच्या जोड्या लावतो, डीएसपी२, समतल चौरस, प्रतिचुंबकीय. निकेल कार्बोनिल: निकेल शून्य, ४एस मधले दोन ३डी मध्ये जाऊन ३डी१०, पुन्हा एसपी३ आणि चतुष्फलकीय, तरी प्रतिचुंबकीय. ऑक्सिडेशन स्टेट न काढता थेट कक्षकांचे बॉक्स इलेक्ट्रॉनांनी भरायला घेतले की तिसरं हमखास चुकतं.

डी-ब्लॉकचे आयन लिहिताना आधी ४एस चे इलेक्ट्रॉन काढायचे. फेरस म्हणजे ३डी६, '३डी४ ४एस२' नव्हे.

ब्युरेट

लॅबकडून सांगतो, कारण सॉल्ट अ‍ॅनालिसिस (क्षारातले आयन ओळखायचं प्रॅक्टिकल) ही आयनिक इक्विलिब्रियाचीच उजळणी आहे आणि फारच थोडी मुलं ती तशी करतात.

इथले 'गट' आवर्त सारणीचे नव्हेत, आयन ज्या क्रमाने साका बनवून वेगळे करतात ते टप्पे. तिसऱ्या गटात अमोनियम क्लोराइड आधी, अमोनियम हायड्रॉक्साइड नंतर. अमोनियम या सामाईक आयनमुळे हायड्रॉक्साइड आयन दबतात आणि ज्यांचा विद्राव्यता गुणाकार फार लहान आहे ते फेरिक आणि अ‍ॅल्युमिनियमच खाली बसतात. क्रम चुकला तर पुढच्या गटांतलं मँगनीज, मॅग्नेशियमही इथेच उतरू लागतं. त्याआधी द्रावण उकळून दुसऱ्या गटात वापरलेला हायड्रोजन सल्फाइड पूर्ण घालवायचा. लेड अ‍ॅसिटेटचा कागद काळा होईनासा झाला की गेला. मग संहत नायट्रिक आम्लाचे थेंब घालून पुन्हा उकळायचं, म्हणजे फेरसचं फेरिक होतं. ही पायरी गाळली तर लोह अर्धवट निसटतं आणि चौथ्या गटात काळा साका म्हणून उगवतं. मूल खुशाल 'कोबाल्ट किंवा निकेल' लिहून देतं.

परमँगनेटच्या टायट्रेशनला विरल सल्फ्युरिक आम्लच वापरायचं. हायड्रोक्लोरिक घेतलं तर परमँगनेट त्यातल्या क्लोराइडवरही खर्च होतं आणि रीडिंग वाढतं. नायट्रिक स्वतःच ऑक्सिडीकारक, त्यामुळे रीडिंग घटतं. आम्ल कमी पडलं तर फ्लास्कमध्ये तपकिरी मँगनीज डायऑक्साइड दिसतो. ते टायट्रेशन ओतून द्या, ओढूनताणून पुरं करू नका. ब्युरेटमधलं द्रावण गडद असल्याने मेनिस्कसची (द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाची) वरची कड वाचा.

मँटिसा

@ब्युरेट, गरम कधी करायचं तेही लिहा. तोंडी परीक्षेत विचारतात.

ब्युरेट

ऑक्झॅलिक आम्ल असेल तर ६० ते ७० अंश सेल्सिअस, कारण थंड द्रावणात सुरुवातीचे थेंब रंग सोडायला फार वेळ घेतात. एकदा मँगनस आयन तयार झाले की तेच उत्प्रेरकाचं काम करतात. उकळू मात्र द्यायचं नाही, ऑक्झॅलिक आम्लाचं विघटन होतं. मोहर सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट) असेल तर अजिबात तापवायचं नाही. तिथे अभिक्रिया थंडच झटपट होते, आणि तापवलं तर हवेतला ऑक्सिजन आयता फेरसचं फेरिक करून टाकतो.