मदत हवी आहे: आईबाबांच्या फोटोबुकात जुने फोटो नीट कसे लावू?

नमस्कार मंडळी, मी नाशिकची, पंचवटीत राहते. आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत म्हणून १२ बाय १२ इंचाचं फोटोबुक करतेय, पानं ४० आणि फोटो जमलेत साडेआठशे, त्यातले निम्मे मावश्या-आत्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले. सॉफ्टवेअरमधे ऑटोफिल केलं की ते तारखेप्रमाणे लावतं आणि जुने फोटो मी गेल्या आठवड्यात स्कॅन केलेत, त्यामुळे लग्नाचे फोटो नातवाच्या बारशानंतर आले! फाइलच्या नावाआधी वर्ष टाकून नावाप्रमाणे सॉर्ट करू की एक्झिफमधली (फोटोच्या फाइलमधेच साठवलेल्या माहितीतली) तारीखच बदलू? कोणी केलंय का हे?

रामकुंडावरचा एक फोटो मला डबल पानावर पाहिजेच, आईने नऊवारीचा काठ ओला होऊ नये म्हणून मुठीत धरलाय आणि बाबा एक पायरी खाली उभे राहून तिच्याकडेच बघतायत. पण आलेली फाइल १६०० पिक्सेलची, ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर) जेमतेम सव्वापाच इंच. मूळ प्रिंट मामाकडे निफाडला आहे, पोस्टकार्डाएवढा, तो आणून ६०० ला स्कॅन करू की १२०० ला? आणि मधल्या घडीत आईचा चेहरा जाऊ नये म्हणून किती जागा सोडायची?

पानांवरच्या सजावटीच्या वेली, तोरणं, फ्रेमा सगळीकडे एकाच प्रकारच्या ठेवाव्यात असं मला वाटतं, बहीण म्हणते प्रत्येक प्रसंगाला वेगळ्या. शुक्रवारी फाइल द्यायचीय, प्लीज लवकर सांगा.